तळघरातला स्टँडअप, तिकीट ३९९

आधी व्यवहाराचं. तिकीट ३९९ रुपये, त्यात खाणंपिणं धरलेलं नाही. कोल्ड कॉफी १८० ला, आणि ती बरी असते. जागा पुण्यातच, एका कॅफेच्या तळघरात. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि कॅफे चालवणारा मुलगा गुणी आहे. कार्यक्रम मराठी स्टँडअपचा: एक होस्ट, मग तिघं प्रत्येकी दहा-बारा मिनिटं, आणि शेवटी रील्समुळे तोंडओळख झालेला हेडलायनर पाऊण तास. तिकिटं पुतणी काढते, मी मागोमाग जातो. नाट्यगृहांत माइक लावण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे विनोद कानावर पडायच्या आधी स्पीकर कुठे टांगलाय तेच दिसतं. ज्यांना नुसतं ‘हसलो की नाही’ एवढंच हवंय त्यांच्यासाठी: हसलो, भरपूर.

छत बुटकं आहे, उंच माणसाने हात वर केला तर टेकेल. गाण्याच्या कार्यक्रमाला ही जागा मी कुणाला सुचवणार नाही. हसण्याला मात्र उत्तम. हसू वर जाऊन हरवत नाही, तिथल्या तिथे परत खाली येतं, आणि शेजारचा हसतोय हे ऐकू आलं की माणूस सैल होतो. बालगंधर्वच्या बाल्कनीत चाळीस माणसं हसली तर स्टेजवर ती खोकल्यासारखी पोचतात. इथे साठ माणसांत घर दणाणतं. मागच्या भिंतीवर विटांचा वॉलपेपर चिकटवलाय. ही फॅशन न्यूयॉर्कच्या ‘इम्प्रॉव्ह’ या कॉमेडी क्लबाची. बड फ्रीडमनने १९६३ साली तो काढला, तिथे पाठीमागे उघडी विटांची भिंत होती, आणि ती इतकी गाजली की आता गावोगावच्या कॉमेडीवाल्यांना पाठीशी वीट लागते. आपल्याकडचा उभा राहणारा अठ्ठावीस युगं विटेवरच आहे म्हणा.

खुर्च्यांनी मात्र घात केलाय. बरोब्बर मधोमध वाट सोडलीय. बोलणाऱ्याची नजर सरळ जिथे पडते तिथे माणसंच नाहीत, नुसत्या फरश्या. वाट कडेला घ्या, खुर्च्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ ओढा, फुकटात हशा वाढेल. दुसरं, प्रकाश. एकच पांढरा एलईडी दिवा थेट तोंडावर मारलाय. त्यामुळे बोलणाऱ्याला पहिल्या रांगेपलीकडे काळोख. आणि काउंटरवरची ट्यूबलाइट अख्खा वेळ चालू, म्हणजे प्रेक्षकांचं लक्ष मागे कॉफी कुणाची आली इकडे. कोल्ड कॉफीचा मिक्सर तर नेमका पंचलाइनला फिरतो. हे जाणूनबुजून करायचं म्हटलं तरी इतकं अचूक जमणार नाही.

होस्ट पोरगा उत्साही होता. टाळ्यांची रंगीत तालीम घेतली. जोरात, आणखी जोरात. तिसऱ्यांदा मागितली की टाळी उसनी वाटते. कीर्तनकार बुवा उभे राहिल्या राहिल्या ‘बोला पुंडलिक वरदे’ म्हणतात, देऊळभर माणसं एकदा तोंड उघडतात आणि पुढे हसायलाही उघडतात. पण बुवा ते एकदाच मागतात आणि लगेच कामाला लागतात.

पहिला मुलगा नाटकातला असावा. घरमालक, ब्रोकर, वॉचमन, सगळे आवाज काढले, एकेक माणूस हुबेहूब. लिखाणही चांगलं. तरी गार गेला. कारण तो मागच्या भिंतीवरच्या घड्याळाशी बोलत होता. एकपात्रीत ते चालतं. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’त लक्ष्मण देशपांडे एका उपरण्यावर पन्नासच्या वर माणसं उभी करायचे, तेव्हा आपण त्या माणसांकडे बघायचो, त्यांनी आपल्याकडे बघावं असा हट्ट नव्हता. स्टँडअपमध्ये समोरच्याने मला बघितलं नाही तर मी का थांबू? शिवाय माइकचा स्टँड त्याने दोन्ही हातांनी असा धरला होता की बस ब्रेक मारणार आहे. दुसऱ्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही. मोबाइलमध्ये बघून वाचत होता.

तिसरी आली ती मुलगी बार्शीकडची. आल्यावर पहिलं काम तिने काय केलं, तर स्टँडमधून माइक काढला, स्टँड उचलून मागे भिंतीशी ठेवला, आणि मग काहीच बोलली नाही. दोन-तीन सेकंदं नुसती डावीकडे, उजवीकडे बघून घेतलं. मिक्सर बंद व्हायची वाट बघत होती हे माझ्या लक्षात आलं. बाकीच्यांना वाटलं, आपल्याकडे बघतेय. दोन्ही कामं झाली.

नोकरी म्हणे कर्जवसुलीच्या कॉल सेंटरला. ‘‘तुम्ही निदान समोर बसलाय. माझं पहिलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत लोक म्हणतात, मी गाडी चालवतोय. गाडीच्याच हप्त्यासाठी फोन केलेला असतो.’’ हशा. ती तो हशा पूर्ण उतरू देत नव्हती, पण त्याच्यावर चढतही नव्हती. आवाज अर्ध्यावर आला की पुढचं वाक्य. नाट्यगृहात हे वर्षानुवर्षं ऐकलंय, जुनी नटमंडळी नेमकं तिथेच वाक्य टाकायची.

आणि मग दुसऱ्या रांगेत एका काकांचा फोन वाजला. बंद करायचा सोडून त्यांनी उचलला, आणि तोंडावर हात धरून म्हणाले, ‘‘मी कार्यक्रमात आहे.’’ बुटक्या छताची कृपा, सगळ्यांना ऐकू गेलं. आता इथे नव्वद टक्के पोरं त्या काकांवर तुटून पडतात. हिने माइक खाली घेतला, फोन संपू दिला आणि अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाली, ‘‘सर, खरं सांगितल्याबद्दल धन्यवाद. आमच्याकडे ही सवय नाही कुणाला.’’ काका स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसले. ती पुढे गेली, विषय संपला असं वाटलं. शेवटी शेवटी बापाची गोष्ट होती. लेक वसुलीत, आणि बापाचाच ट्रॅक्टरचा हप्ता थकलेला. तिच्याच सहकाऱ्याचा फोन घरी येतो, बाप परसात कडब्याच्या गंजीमागे जाऊन बसतो, फोन उचलतो आणि हळूच म्हणतो, ‘‘मी कार्यक्रमात आहे.’’

तळघर फुटलं. आधी लिहून आणलेल्या गोष्टीत तिने दहा मिनिटांपूर्वी खोलीत पडलेलं वाक्य बसवलं होतं, आणि ते फक्त त्या साठ जणांचं होतं. यूट्यूबवर बघणाऱ्याला त्यात काही वाटणार नाही. स्टेज प्रेझेन्स म्हणतात तो मला तरी इथे दिसला: उभं राहण्यात कमी, कान उघडे ठेवण्यात जास्त.

हेडलायनरला कमी लेखत नाही. आला तोच मोकळा, पाय भक्कम, आवाज पोटातून, चेहऱ्यावर ‘मी आहे ना’ असा भाव. पहिल्या मिनिटात घर हातात घेतलं. पण त्याचा सगळा भर क्राउडवर्कवर, म्हणजे प्रेक्षकांनाच बोलतं करून विनोद काढण्यावर. हा प्रकार काही परदेशातून आलेला नाही. तमाशातली बतावणी दुसरं काय आहे? दादा कोंडके ‘विच्छा माझी पुरी करा’ हे वगनाट्य करायचे तेव्हा समोर कोण बसलंय ते बघून वाक्यं फिरवायचे. फरक इतकाच की ते उत्तर ऐकायचे. या गड्याने पहिल्या रांगेतल्या एका जोडीला विचारलं, ‘‘लग्न झालंय का?’’ मुलगी म्हणाली, ‘‘भाऊ आहे माझा.’’ यापेक्षा चांगलं दान पडत नाही! याने एक ‘अरेरे’ केलं आणि जोडप्यांवरचा तयार माल सुरू केला, पुढची पाच मिनिटं. भाऊ-बहीण बिचारे माना खाली घालून बसले. बाकीचे हसत होते, हे मान्य. पण ते हसणं ‘बरं झालं मी पुढे नाही बसलो’ या जातीचं होतं.

आणि माइक. शुअरचा एसएम ५८ आहे, १९६६ पासून लोक तो आपटतायत तरी चालतो. पण त्याची जाळी मुठीत धरली, की मागून येणारा आवाज गाळायची त्याची सोय बंद पडते. शब्द गुदमरतात आणि स्पीकर शिट्टी मारतो. रॅपवाल्यांचं बघून ही तऱ्हा आलीय. पाऊण तासात किती पंच त्या मुठीत गेले देव जाणे. हात खाली दांड्यावर हवा, माइक हनुवटीच्या जरा वर. संपलं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण मिक्सरने खाल्ला. नवशिक्यांचा सेट असेल त्या दिवशी जा, हेडलायनर कोण आहे ते बघू नका. बसायला तिसरी रांग, मधल्या वाटेला लागून, म्हणजे एसी डोक्यावर येत नाही आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्याला दिवा आडवा येत नाही. गाडी रस्त्यावर लावू नका. टोइंगवाले साडेनऊला फेरी मारतात आणि कार्यक्रम सुटतो पावणेदहाला.