हेल्थ बँड आठ महिने वापरून: मोजलेले आकडे आणि अंदाजाचे आकडे

आठ महिने झाले हा बँड हातात आहे, अंघोळ आणि चार्जिंग सोडलं तर काढतच नाही, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

झोपेतला हार्ट रेट एकदम मस्त. बँडच्या मागच्या लाईटचा हिरवा उजेड रक्तात शोषला जातो, प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त कमीजास्त होतं तसा परत येणारा उजेडही कमीजास्त होतो आणि सेन्सर त्यावरून ठोके मोजतो. हात स्थिर असला की बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरशी आकडा जुळतो, मी कितीदा तरी शेजारी शेजारी लावून बघितलंय. माझा रेट रात्री 58-60 असतो, मध्ये सलग दोन रात्री तो 67 वर गेला, त्वचेचं टेम्परेचर पण नेहमीपेक्षा वर, मला तर काहीच जाणवत नव्हतं, आणि तिसऱ्या दिवशी मी तापाने फणफणले! तेव्हापासून सुटा आकडा बघत नाही, माझ्याच मागच्या तीन-चार आठवड्यांशी ताडून बघते.

पळताना मात्र गडबड. मी आरामात गप्पा मारत पळतेय आणि हा दाखवतोय 168. का, तर पावलंही मिनिटाला तेवढीच पडत होती आणि अल्गोरिदम ठोके समजून पावलंच मोजत बसला. हालचालीचा भाग वजा करायला आत अ‍ॅक्सेलरोमीटर (हालचाल टिपणारा सेन्सर) असतो खरा, पण तरी फसतो. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर आणि जरा घट्ट बांधला की बराच सुधारतो. सिरीयस ट्रेनिंगवाल्यांनी सरळ छातीला बांधायचा, ठोके मोजणारा पट्टा घ्या.

झोपेचे एकूण तास ठीक, पण डीप स्लीप म्हणजे गाढ झोप 42 मिनिटं वगैरे मनावर घेऊ नका. लॅबमध्ये त्यासाठी डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी बघतात, बँडकडे फक्त ठोके आणि हालचाल, त्यावरून मॉडेल, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अंदाज बांधतं. पडून वाचत होते तेही झोपेत धरलं त्याने.

आता बीपी, माझी खरी तक्रार हीच. बाबांकडे पण हाच बँड आहे. आधी कफच्या मशीनने (दंडाला पट्टा गुंडाळून बीपी मोजतात ते) बीपी मोजून तो आकडा बँडला द्यायचा, म्हणजे कॅलिब्रेट करायचं, मग हा त्याच आकड्याच्या आसपास फिरत राहतो. बाबांची गोळी बदलली, कफवर वरचं बीपी 128 आलं, बँडवर पंधरा दिवस 145 च्या पुढेमागेच. त्यांनी तो आकडा बघून स्वतःच जास्तीची गोळी घेतली असती तर? अ‍ॅपमध्ये हार्ट रेट आणि बीपी एकाच साईजच्या ठळक अक्षरात दिसतात, एक सेन्सरने मोजलेला आणि दुसरा मॉडेलने काढलेला, वापरणाऱ्याला कळणार कसं. अंदाजाच्या आकड्यासोबत निदान रेंज तरी दाखवा असं मी कंपनीला दोनदा लिहिलं, काही उत्तर नाही.

शुगर हा बँड दाखवत नाही आणि ते बरंच आहे. सुई न टोचता शुगर मोजतो असं सांगणारी घड्याळं आणि रिंगा विकायला असतात, पण फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) स्पष्ट सांगितलं की स्वतःच्या जोरावर शुगर मोजणारं असं एकही घड्याळ किंवा रिंग त्यांनी मंजूर केलेली नाही. घरात कोणी इन्सुलिनवर असेल तर असल्या आकड्यावर डोस अजिबात ठरवू नका, शुगर एकदम उतरून जिवावर बेतू शकतं.

माझ्यासाठी मी हाच परत घेईन, रात्रीच्या ग्राफसाठी. बाबांच्या बँडवर मात्र बीपीचा स्क्रीन मी बंद करून टाकलाय, कफचं मशीन त्यांच्या पलंगाशेजारी ठेवलंय.