डिव्हाइड अँड कॉन्कर की डायनॅमिक प्रोग्रॅमिंग: आधी काय पक्कं करावं?

कॅम्पसच्या परीक्षा जवळ आल्या की नागपूरच्या अभ्यासिकांमध्ये हा प्रश्न हमखास निघतो. प्रोग्रॅम लिहिण्याच्या या दोन रीती; दोन्हींत मोठं गणित फोडून लहान करायचं असतं. फरक एवढाच, की डिव्हाइड अँड कॉन्करमध्ये तुकडे सुटे असतात आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंगमध्ये तेच तुकडे पुन्हापुन्हा समोर येतात.

आधी सुटे तुकडे. मोठ्या संख्यांचा गुणाकार शाळेतल्या रीतीपेक्षा फारसा झटपट होऊच शकत नाही, असा अंदाज गणितज्ञ कोल्मोगोरोव यांनी 1960 मध्ये मॉस्कोत मांडला. 23 वर्षांच्या कारात्सुबाने तो आठवड्याभरात खोटा ठरवला. त्याची रीत हातानेच करून बघा. 1234 × 5678 घ्या आणि दोन्ही संख्या मधून फोडा. 12 × 56 = 672, 34 × 78 = 2652. आता बेरजांचा गुणाकार: (12 + 34) × (56 + 78), म्हणजे 46 × 134 = 6164. त्यातून आधीचे दोन्ही वजा केले की मधला भाग 2840 मिळतो. पहिल्याला चार शून्यं, मधल्याला दोन शून्यं जोडून बेरीज करा: 67,20,000 + 2,84,000 + 2652 = 70,06,652. चार गुणाकारांचं काम तीनांत झालं! आणि प्रत्येक तुकड्याला हीच रीत पुन्हा लावता येते, म्हणून अंक दुप्पट झाले तरी काम चौपट न होता साधारण तिप्पटच होतं. मला ही रीत अजूनही फार सुंदर वाटते.

फिबोनाचीला (जिथे प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते) मात्र नुसतं फोडणं महागात पडतं. चाळिसावी संख्या साध्या रिकर्शनने (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावून) काढली तर फंक्शन 33 कोटींहून जास्त वेळा बोलावलं जातं, कारण तीच उत्तरं पुन्हापुन्हा काढली जातात. ती तक्त्यात लिहून ठेवली की 39 बेरजांत काम संपतं. हेच डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. बदल्यात मेमरी लागते.

माझं मत स्पष्ट आहे: आधी डिव्हाइड अँड कॉन्कर. रिकर्शन अंगवळणी पडल्याशिवाय तक्ता नुसता पाठ होतो, समजत नाही. नवीन गणित आलं की रिकर्शनचं झाड तीन पायऱ्यांपर्यंत कागदावर काढा. तोच तुकडा दोनदा दिसला तर तक्ता करा. मर्ज सॉर्टमध्ये (यादी अर्धी-अर्धी फोडून क्रम लावायच्या रीतीत) तो सहसा दिसणार नाही, तिथे तक्ता वाया जातो.

काम अनेक मशिनवर वाटायचं असेल तरी सुटे तुकडेच सोयीचे. 1994 मध्ये 129 अंकी संख्येचे अवयव सुमारे 600 स्वयंसेवकांनी काम वाटून घेऊन पाडले. डायनॅमिक प्रोग्रॅमिंगच्या तक्त्यात मात्र आधीचे रकाने भरल्याशिवाय पुढचा भरता येत नाही.