५६००जी की १२१००एफ? भाच्याच्या पीसीचा हिशोब

दहावी झालेल्या भाच्याला गेमिंग पीसी हवाय, आणि ताईचं बजेट बेताचं. मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार पालथा घातल्यावर प्रोसेसरचे दोनच पर्याय उरले.

पहिला, एएमडीचा रायझन ५ ५६००जी. ६ कोर (म्हणजे एकाच वेळी काम करणारे सहा भाग), आणि ग्राफिक्सची सोय प्रोसेसरच्या आतच, त्यामुळे वेगळं कार्ड लागत नाही. व्हॅलोरंटसारखा हलका गेम मजेत चालतो. नवे, जड गेम मात्र धापा टाकतात. यात एक मेख आहे. हे ग्राफिक्स मशीनचीच रॅम वापरतं, म्हणून १६ जीबीची एकच स्टिक घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या; दोन एकत्र चालल्या की रॅमचा वेग वाढतो. दुकानदार "एकच घ्या, पुढे वाढवता येईल" म्हणतो. ऐकू नका, फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) चांगल्याच घसरतात.

दुसरा, इंटेलचा कोअर आय३ १२१००एफ आणि सोबत ८ जीबीचं आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. कोर ४च, पण गेममध्ये हीच जोडी कितीतरी पुढे. खर्चही अर्थात जास्त. 'एफ' म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. कार्ड बिघडलं की स्क्रीन काळी. पॉवर सप्लाय चांगल्या कंपनीचाच घ्या, कॅबिनेटसोबत फुकट येणारा नको.

"आधी ५६००जी, दिवाळीला कार्ड," असं भाच्याने सुचवलं. चालेल, पण ५६००जी पीसीआयई ३.० वरच, म्हणजे कार्ड जोडायच्या जुन्या, कमी वेगाच्या पिढीवरच अडतो. कार्ड नक्की येणार असेल तर मी दोन महिने थांबून दुसराच पर्याय घेईन. ताई म्हणते, तोवर अकरावीचा प्रवेश तरी होईल.