छोट्या लेथवरचा स्टेडी रेस्ट: महिनोन्‌महिने वापरून झाल्यावर

स्टेडीचं पितळी बोट जॉबला, म्हणजे लेथवर फिरणाऱ्या वस्तूला, अलगद टेकवायचं, मोजणीचा डायल शून्यावर आहे ना पाहायचं, लॉकचा स्क्रू आवळायचा, आणि आवळता आवळता काटा मिलिमीटरचे पाच-सहा शतांश सरकलेला बघायचा. या स्टेडी रेस्टशी, म्हणजे लांब जॉबला चकपासून (जॉब पकडणाऱ्या जबड्यांपासून) दूर आधार देणाऱ्या चौकटीशी, माझं भांडण इथून सुरू झालं आणि अजून पूर्ण मिटलेलं नाही.

सात बाय चौदा इंचांचा मिनी लेथ काय चीज आहे ते ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगायला नको. चक फिरवणाऱ्या पोकळ स्पिंडलचं भोक २० मिमी, दोन सेंटरमधलं अंतर कागदावर ३५० मिमी. माझ्यासमोर होती एअर रायफलची २२ मिमी जाडीची नळी, ४.५ मिमी छऱ्याची, आखूड, तीनशे मिमीच्या आसपास. (काडतुसाच्या बंदुकीची असती तर परवानाधारक आर्मररकडेच गेली असती, तिथे हौस चालत नाही.) कुठेतरी आपटून तोंडाची कड एका अंगाला दबली होती. छर्रा बाहेर पडतो त्या क्षणी मागची हवा चहूबाजूंनी सारखी सुटायला हवी. कड एका बाजूला बसली की हवा तिथून आधी निसटते आणि छऱ्याची शेपटी ढकलते. म्हणजे तोंड फेसिंग करून (सपाट कापून) नवा क्राउन, म्हणजे भोकाची तोंडाशी असलेली स्वच्छ कड, काढायचा, मटेरियल जेमतेम मिलिमीटरभर जाणार. प्रश्न फक्त धरायचं कसं एवढाच, कारण २२ ची नळी २० च्या भोकातून जात नाही.

मोठा लेथ घे, असं सांगणारे भेटलेच. एका नळीच्या तोंडासाठी मोठा लेथ म्हणजे ताकासाठी म्हैस पाळणं. स्टेडी घेतला.

ओतकाम बरं आहे. तळ बेडच्या व्ही-वेवर (लेथच्या व्ही आकाराच्या रुळावर) पहिल्यांदाच नीट बसला, कानस लावावी लागली नाही. वरचा चाप बिजागरीवर उघडतो, तीन पितळी बोटं आहेत, सगळं नेहमीसारखं. जागेची ओढाताण मात्र गृहीत धरा. स्टेडी नळीच्या तोंडाजवळ, टूल त्याच्याही पलीकडे, म्हणजे टूल वाहणारं कॅरेज थेट बेडच्या शेवटाला जाऊन बसतं. टेलस्टॉक (बेडच्या दुसऱ्या टोकाचा आधार) काढूनच ठेवावा लागतो. नळी आणखी शंभर मिमी लांब असती तर कॅरेजला उभं राहायलाच जागा नव्हती.

आता तो स्क्रू. समान जाडीच्या जॉबवर स्टेडी लावायची साधी रीत म्हणजे तो आधी चकच्या अगदी जवळ आणायचा, जिथे जॉब सर्वांत खरा फिरतो, तिथे तिन्ही बोटं टेकवून लॉक करायची आणि मग चाप उघडून सबंध स्टेडी तोंडाकडे सरकवायचा. रीत बरोबर आहे, पण त्यात लॉक केलेलं बोट जागेवर राहतं असं गृहीत आहे. या स्टेडीत बोटाच्या खाचेत मोकळीक जास्त आहे आणि लॉकचा स्क्रू थेट पितळेवर एका बाजूने दाबतो. बोट तिरकं होतं, टोक सरकतं. आणखी आवळलं की आणखी सरकतं, आणि पितळेवर खळगा पडला की पुढच्या वेळी स्क्रूचं टोक पुन्हा त्याच खळग्यात घसरतं.

विकणाऱ्याकडे तक्रार केली. पहिलं उत्तर, असंच असतं. दुसरं उत्तर, सगळ्यांचं असंच असतं. व्हिडिओ पाठवल्यावर उत्तरच नाही. तीन बोटं बदलून मागत होतो, सोन्याची नव्हे, पितळेची.

इलाज शेवटी फुकटात झाला. थंड पेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा जवळपास ०.१ मिमी जाडीचा असतो. त्याच्या पट्ट्या खाचेत बोटाच्या दोन्ही बाजूंना घातल्या आणि स्क्रूखाली पितळेची चकती टाकली. शिवाय लॉक आधी अर्धवट आवळायचा, घर्षण जाणवत असतानाच बोट पुढे घ्यायचं आणि मग शेवटचा पीळ द्यायचा. आता काटा एखाद्या शतांशापलीकडे हलत नाही.

इथपर्यंत वाचून स्टेडी टाकाऊ आहे असं वाटेल. माझंही तेच मत होतं, पण कागदावर आकृती काढल्यावर ते बदललं. चकपासून अडीचशे मिमी अंतरावर सहा शतांशांची चूक म्हणजे नळीच्या तोंडावर, ११ मिमी त्रिज्येत, तीन मायक्रॉनही भरत नाही. शिवाय नळी चकचा मध्य आणि स्टेडीचा मध्य यांना जोडणाऱ्या रेषेभोवती फिरते. स्टेडी किंचित बाजूला असला तरी कापलेलं तोंड त्या रेषेभोवती सगळीकडून सारखंच निघतं. होऊन होऊन ते अगदी चिमूटभर शंकूसारखं होईल, कललेलं होणार नाही. म्हणजे ज्या स्क्रूवर मी इतका चिडलो त्याने क्राउन बिघडत नाही.

बिघडतं ते दुसरंच. चकचे जॉ (जबडे) घट्ट आवळलेले आणि स्टेडी बाजूला, असं झालं की नळी प्रत्येक फेऱ्यात किंचित वाकते आणि हळूहळू चकमधून बाहेर सरकायला लागते. पहिल्याच दिवशी तोंड टूलकडे चालून आलं तेव्हा वाटलं कॅरेज सरकतंय. कॅरेज लॉक होतं. उपाय जुनाच आहे, फोर जॉ चकमध्ये जॉच्या खाली नळीभोवती जाड तांब्याच्या तारेचं एक वेटोळं. नळी त्या एका कड्यावर थोडी झुलू शकते, वाकत नाही, आणि चालायची थांबते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि तिचा दोष या स्टेडीला देता येत नाही. कोणताही स्टेडी नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर चालतो. आतलं भोक बाहेरच्या गोलाच्या मधोमध नसेल, आणि पुष्कळ नळ्यांत ते तसं नसतंच, तर बाहेरचा भाग छान फिरेल आणि भोक घिरट्या घालत राहील. क्राउन भोकाला खरा हवा. बोटं कितीही नेमकी लावा, हा फरक जात नाही.

म्हणून भंगारातल्या गोल सळईतून कॅटहेड बनवलं. जाड बाही, बाहेरून टर्निंग करून गोल, दोन्ही टोकांना चार-चार स्क्रू, टोकांना पितळ. नळी बाहीच्या आत, बाही स्टेडीच्या बोटांत. भोकात अलगद बसणारी गेज पिन (नेमक्या जाडीची गुळगुळीत दांडी) घालायची, तिच्यावर डायल लावायचा आणि स्क्रू कमी-जास्त करत काटा स्थिर करायचा. एक सुट्टी यात जाते. पण एकदा बसलं की बोटं नळीला शिवतच नाहीत.

हा फायदा आधी लक्षात आला नव्हता. त्याआधी पितळी बोटांनी नळीच्या ब्लूइंगवर (पोलादावरच्या निळसर-काळ्या थरावर) पिवळट पट्टा उमटवला होता, तेल सोडत राहूनही. त्यावर वैतागून बोटांच्या टोकाला ६०८ नंबरची बेअरिंग बसवली. फिरायला मऊ, तेलाची कटकट नाही, दोन-तीन दिवस मी खूश. मग दिसलं की फेसिंगचा चुरा थेट बेअरिंगखाली येतो, कारण टूल तिथून अगदी जवळ आहे, आणि तो नळीत दाबला जातो. पट्टा पुसता येतो, दाबलेला ओरखडा जात नाही. बेअरिंग काढून डब्यात ठेवली, पितळ परत लावलं. आता कॅटहेडवर पितळ घासतं, घासू दे.

प्रत्यक्ष कापणं त्यामानाने किरकोळ. भोकात तेलात भिजवलेला कापडाचा बोळा, म्हणजे चुरा आत जात नाही. वेग कमी, मिनिटाला तीनशे फेऱ्यांच्या आसपास. या लेथची मोटर त्याहून खाली दमते. एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) धारदार टूल, अगदी हलका कट, शेवटचा कट भोकाकडून बाहेरच्या दिशेने, म्हणजे बर (कापताना कडेला उरणारी धातूची बारीक झालर) भोकात ढकलली जात नाही. मग कान साफ करायची कापसाची काडी कडेवरून आतून बाहेर फिरवायची. एकही तंतू अडकला तर बर आहे. माझ्या नळीवर एका ठिकाणी अडकत होता, आणखी एक हलका कट दिल्यावर सुटला. छरे आता जिथे जायचे तिथे जातात.

वरच्या चापाबद्दल एक. उघडून परत बंद केला की तो तंतोतंत पहिल्या जागी येत नाही, म्हणून वरचं बोट दर वेळी नव्याने टेकवा, खालच्या दोघांना हात लावू नका. आणि तुमची नळी स्पिंडलच्या भोकातून जात असेल तर हा स्टेडी घेऊच नका. नळी हेडस्टॉकमधून घाला, तोंड चकच्या जवळ ठेवा, स्पिंडलच्या मागच्या टोकाला चार स्क्रूंचा स्पायडर बसवून नळीची शेपटी धरा. शेपटी मोकळी सोडून मात्र लेथ चालू करू नका, वेग वाढला की ती वाकते आणि झोडपते. स्पायडरला लागतो एक लोखंडी कडं आणि चार स्क्रू, आणि त्यात लॉक करताना सरकणारं बोट नसतं.