लॅक्टेजच्या गोळ्या आणि थेंब : आखाजी ते दिवाळी, सहा महिन्यांचा अनुभव

चोपडा तालुक्यातलं आमचं घर. गोठ्यात म्हैस, शेतात केळी, त्यामुळे शिकरण नेहमीचंच. पण पस्तिशी ओलांडल्यावर पेलाभर दूध प्यायलो की दोन तासांत पोट फुगायचं, गुडगुडायचं आणि मग धावपळ. आई म्हणायची, "तुले दूध बाधस, पेऊ नको." यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरच्या मांड्यांबरोबर वाटीभर दूध घेतलं आणि बहिणी माहेरी आलेल्या असताना मी दिवसभर झोपून काढला. डॉक्टरांनी दोन आठवडे दूध बंद ठेवायला लावलं. त्रास थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. 100 मिली दुधात ती साधारण 5 ग्रॅम असते. ही जोडसाखर आहे, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज एकमेकांना चिकटलेले. ती जोडी तुटल्याशिवाय आतड्यातून रक्तात जात नाही, आणि ती तोडण्याचं काम लहान आतड्याच्या अस्तरावरचं लॅक्टेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. लहानपणी ते भरपूर असतं, पुढे बऱ्याच जणांत कमी होतं. न तुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरली की पाणी ओढून घेते आणि तिथले जीवाणू तिच्यापासून गॅस करतात. पोट फुगायचं ते यामुळे.

आधी एका दुकानात "पचनाचं एन्झाइमच आहे, घ्या" म्हणून पाचक सिरप माझ्या हातात दिलं होतं. महिनाभर घेतलं, काडीचा फरक पडला नाही. नंतर बाटली नीट वाचली, तर आत डायस्टेज आणि पेप्सिन. एक पिठूळ पदार्थ तोडतं, दुसरं प्रथिनं. दुधाच्या साखरेला दोघंही हात लावत नाहीत. प्रत्येक विकराचं काम ठरलेलं असतं. एमिल फिशर यांनी 1894 मध्ये याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. म्हणून सांगतो, नुसतं 'एन्झाइम' वाचून बाटली घेऊ नका, नाव बघा.

मग लॅक्टेजच्याच गोळ्या आणि थेंब आणले, म्हणजे कमी पडणारं विकर बाहेरून घ्यायचं. गोळीचं सगळं यश वेळेवर आहे. पहिल्या घासाबरोबर घेतली तर काम होतं. एका लग्नात जेवण झाल्यावर आठवण आली, तेव्हा घेतली, आणि रात्रभर जागलो. बासुंदीला एक गोळी पुरत नाही, कारण आटवल्यावर वाटीभरात साखर कितीतरी जास्त येते. दही-ताक मला गोळीशिवाय चालतं, विरजणातले जीवाणू लॅक्टोज बरंच कमी करतात. तुपात तर ते जवळपास नसतंच.

थेंब मला गोळीपेक्षा आवडले. दूध तापवून, पूर्ण गार करून थेंब टाकायचे आणि फ्रिजमध्ये 24 तास ठेवायचं. पहिल्या दिवशी मी घाईत उकळत्या दुधात टाकले. विकर म्हणजे घडी घातलेलं प्रथिन, उष्णतेने घडी उलगडली की ते कामातून जातं. दूध तसंच राहिलं, पोटही तसंच बिघडलं.

खरंच काही घडतं का, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. वडिलांना मधुमेह आहे, घरात लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या असतात. साध्या दुधात बुडवलेल्या पट्टीचा रंग बदलला नाही. थेंब टाकून दिवसभर ठेवलेल्या दुधात बुडवली तर काही सेकंदांत रंग पालटला, कारण ही पट्टी फक्त सुटं ग्लुकोज ओळखते. आणि तिच्यावरही विकरच असतं, ग्लुकोज ऑक्सिडेज. त्या दिवशी मला फार आनंद झाला. आमच्या कच्च्या केळ्यातला स्टार्च पिकताना साखर होतो, तेही विकरांचंच काम. आयुष्यभर बघत आलो होतो, पण हे माहीत नव्हतं.

तक्रार किमतीची. घरात दोघांना लागत असेल तर महिन्याचा खर्च जाणवतो, आणि तालुक्याच्या दुकानात गोळ्या दर वेळी मिळतीलच असं नाही. मी जळगावहून दोन महिन्यांच्या एकदम आणतो. शिवाय गोळी शरीराला नवं लॅक्टेज बनवायला शिकवत नाही. चुकली की त्रास आलाच. आणि वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर गोळ्या घेत बसू नका, डॉक्टर गाठा.

सुटं झालेलं ग्लुकोज जास्त गोड लागतं, म्हणून थेंब टाकलेलं दूधही गोड लागतं. एकूण साखर मात्र तेवढीच असते, हे वडिलांना मुद्दाम सांगावं लागलं. दिवाळीपासून आई माझ्या शिकरणात साखर घालत नाही.