दिवसातून दोनदा व्यायाम: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दिवसातून दोनदा व्यायाम करायला लागून आता बरेच महिने झाले. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कुठलीही नवी पद्धत छानच वाटते, म्हणून लिहायची घाई केली नाही. मधे ऋतू बदलला, कामाच्या ओढाताणीचे आठवडे येऊन गेले, सर्दी-तापही होऊन गेला. एवढ्यातून जे टिकलं आणि जे गळून पडलं, ते दोन्ही सांगते.

आधी मी संध्याकाळी सलग दीड तास व्यायाम करायचे. वजनं उचलून झाली की धावणं किंवा सायकल. बैठं काम आणि चाळिशी ओलांडलेलं वय, त्यामुळे ताकद आणि दम दोन्हींवर काम करणं भाग होतं. पण शेवटचा अर्धा तास नुसता रेटायचा असायचा. खांदे उतरलेले, पाय उचलत नाहीत, नजर घड्याळाकडे. आता वजनं सकाळी पाऊण तास, आणि धावणं किंवा झपझप चालणं संध्याकाळी. आठवड्याची बेरीज जवळपास तीच ठेवली आहे. दोनदा करायचं म्हणजे दुप्पट करायचं, असा बहुतेकांचा समज असतो, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं. माझा सगळा अनुभव त्याच व्यायामाची वाटणी करण्याचा आहे.

पहिला फरक दिसला तो व्यायामाच्या दर्जात. सकाळी ‘नंतर धावायचंय’ हा विचार नसतो, त्यामुळे शेवटच्या सेटलाही (सेट म्हणजे सलग केलेल्या आवर्तनांचा एक गट) स्क्वॉट, म्हणजे वजन घेऊन मारलेली बैठक, पूर्ण खोल जातो आणि पाठ वाकत नाही. संध्याकाळी धावताना हात-खांदे ताजे असतात. फिनलंडच्या हाकिनेन आणि काल्लिनेन यांनी १९९४ साली महिला खेळाडूंवर केलेला एक अभ्यास याच दिशेचा आहे. ताकदीचा तेवढाच व्यायाम काही आठवडे एका सत्रात आणि काही आठवडे दोन सत्रांत विभागून करून घेतला, तेव्हा विभागलेल्या काळात प्रगती जास्त दिसली. अभ्यास लहान होता, खेळाडू मोजक्या होत्या, त्यामुळे त्यावर मोठा इमला बांधायला नको. पण दमलेल्या अंगाने काढलेले सेट आणि ताज्या अंगाने काढलेले सेट सारखे नसतात, हे मला स्वतःच्या वहीतल्या आकड्यांत स्पष्ट दिसतंय.

आता खरा विषय, तो म्हणजे दोन सत्रांमधलं अंतर. ताकद आणि दम एकाच वेळी वाढवायला गेलं तर एक दुसऱ्याच्या आड येतं, हे रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली दाखवलं. त्यांच्या प्रयोगात एक गट फक्त ताकदीचा व्यायाम करत होता, दुसरा फक्त दमाचा, तिसरा दोन्ही. दहा आठवड्यांच्या त्या प्रयोगात तिसऱ्या गटाची ताकद सुरुवातीला पहिल्या गटासारखीच वाढली, मग वाढ थांबली आणि शेवटच्या आठवड्यांत तर घसरली. दम मात्र व्यवस्थित वाढला. तो आठवड्याचा भार फारच जड होता, हे लक्षात ठेवायला हवं. नंतरच्या संशोधनातून चित्र बरंच सौम्य झालंय. स्नायूंची वाढ आणि कमाल ताकद यांना फारसा धक्का लागत नाही. फटका बसतो तो मुख्यतः स्फोटक ताकदीला, म्हणजे उडी, झेप, झटका यांना, आणि तोही दोन्ही व्यायाम एकाच सत्रात एकामागोमाग केले तर जास्त. सत्रं तोडण्याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात भक्कम कारण हेच.

मी किमान सहा तासांचं अंतर ठेवते, जमलं तर आठ-नऊ. दोन्ही क्रम करून पाहिले. सकाळी धावून संध्याकाळी स्क्वॉट केले, तर नेहमीचंच वजन खांद्यावर जड वाटतं आणि एक-दोन रेप्स (आवर्तनं) कमी निघतात. उलट, सकाळी पायांची वजनं करून संध्याकाळी धावले, तर पहिली दहा मिनिटं पाय भरून आल्यासारखे वाटतात, मग मोकळे होतात आणि नेहमीच्या वेगाला लागतात. म्हणून वजनं आधी. ज्यांचं मुख्य ध्येय शर्यत आहे त्यांनी क्रम उलटा ठेवावा. जे जास्त महत्त्वाचं, ते ताज्या अंगाने.

अंतर फक्त घड्याळाचं नसतं, मधल्या वेळात काय खाल्लं यालाही महत्त्व आहे. स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा कर्बोदकांचा साठा असतो. तो पूर्ण रिकामा झाला तर भरायला, पुरेसं खाऊनही, जवळपास एक दिवस लागतो. दोन कठीण सत्रांत आठ तासांपेक्षा कमी वेळ असेल तर पहिले चार तास दर तासाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत, असं खेळाडूंना सांगितलं जातं. साठ किलोच्या माणसासाठी हे तासाला ६० ते ७२ ग्रॅम होतात, म्हणजे बरंच खाणं झालं. माझ्यासारखीला एवढ्या हिशेबाची गरज नाही, कारण माझं एकच सत्र खऱ्या अर्थाने कठीण असतं. पण दुपारचं जेवण टाळून संध्याकाळी धावायला जाणं मला अजिबात मानवत नाही. चिडचिड होते, आणि मग रात्री खाण्यावर ताबा राहत नाही.

इथे एक कुतूहलाची गोष्ट सांगायलाच हवी. कोपनहेगनमध्ये सात जणांवर केलेला आणि २००५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. प्रत्येकाच्या एका पायाला रोज एकदा व्यायाम, दुसऱ्या पायाला एक दिवसाआड, पण त्या दिवशी दोनदा. दहा आठवड्यांत दोन्ही पायांचं एकूण काम सारखंच. शेवटी दोनदा व्यायाम केलेला पाय थकेपर्यंत कितीतरी जास्त वेळ टिकला. दुसऱ्या सत्राला तो पाय अर्धवट रिकाम्या साठ्यावर उतरत होता आणि त्यामुळे स्नायूंमधली यंत्रणा जास्त बदलली, असा त्याचा अर्थ लावला जातो. यावरून ‘उपाशी व्यायाम करा’ असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. पण ते सातही जण व्यायामाची सवय नसलेले होते, आणि रिकाम्या साठ्यावर जोर लावताच येत नाही. सहज गतीच्या धावण्याला ठीक, वजनांना नाही.

ज्यासाठी मी ही पद्धत कायम ठेवणार आहे तो भाग वेगळाच आहे: हाडं आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा). याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि माझ्या वयाच्या बायकांना तर हे मुद्दाम बसवून सांगावंसं वाटतं. हाडातल्या पेशी धक्क्याला प्रतिसाद देतात, पण लवकरच सरावतात. सतत चालणाऱ्या आवाजाकडे कान दुर्लक्ष करू लागतो, तसंच. काही डझन धक्क्यांनंतर पुढच्या धक्क्यांचा उपयोग घटत जातो आणि ती संवेदना परत यायला काही तास लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत रॉबलिंग आणि सहकाऱ्यांनी दिवसाचे ३६० भार एकदम देण्याऐवजी ९०-९० असे चार वेळा दिले, तेव्हा हाडं जास्त मजबूत झाली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अस्थिबंधांवरच्या (हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्यांवरच्या) कामातही असंच दिसलं. दहा मिनिटांच्या भारानंतर पेशींचा प्रतिसाद थांबतो आणि सुमारे सहा तासांनी त्या पुन्हा तयार होतात. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण सकाळी थोड्या उड्या आणि संध्याकाळी थोड्या उड्या, यात गमावण्यासारखं काहीच नाही. मी वजनांच्या आधी दोरीवरच्या थोड्या उड्या मारते, संध्याकाळी धावण्याआधी पुन्हा. टाचेच्या वरची कंडरा पूर्वी सकाळी उठल्यावर आखडलेली असायची. आता पहिल्या पावलापासून मोकळी असते. यात उड्यांचा वाटा किती आणि एरवीच्या ताकदीच्या व्यायामाचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. (हाडांची घनता आधीच कमी असेल किंवा गुडघ्याचा त्रास असेल, तर उड्या डॉक्टरांना विचारूनच.)

ज्यांना जिम, वजनं यात रस नाही त्यांच्यासाठी दोनदा, किंबहुना तीनदा व्यायामाचा सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे जेवणानंतरचं चालणं. रक्तशर्करा वाढण्याचा धोका असलेल्या साठीपुढच्या लोकांवरचा २०१३ चा अभ्यास मला फार पटला. दिवसातून एकदा ४५ मिनिटं चालणं आणि तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालणं यांची तुलना केली, तेव्हा रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला तीन तुकडेच जास्त उपयोगी ठरले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या शिफारशींमधून ‘किमान दहा मिनिटं सलग’ ही जुनी अट काढून टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, हे कितीही तुकड्यांत केलं तरी चालतं. माझ्या वडिलांना मी हेच सांगितलं आणि ते आता रात्री जेवून उठले की चप्पल घालतात.

आता त्रासाचं. सगळ्यात मोठा त्रास कपड्यांचा आणि अंघोळीचा. दोनदा घाम, दोनदा अंघोळ, लांब केस असतील तर त्याचं वेगळंच. हे क्षुल्लक वाटतं, पण कंटाळून सोडणारे बहुधा इथेच सोडतात. मी संध्याकाळचं सत्र बरेचदा अंग जेमतेम ओलं होईल इतपतच ठेवते, त्याचं एक कारण हेही आहे. दुसरं म्हणजे भूक. ती वाढते, आणि वाढायलाच हवी. वजन झपाट्याने उतरेल या आशेने कुणी हे करणार असेल तर निराशा होईल. व्यायाम वाढला की शरीर उरलेल्या दिवसात नकळत हालचाल आवरतं, आणि भूक बाकीचं भरून काढते. माझं वजन थोडंच हललं, कपडे मात्र सैल झाले. उलट बाजूने, खाणं न वाढवता दोनदा घाम गाळत राहणं धोक्याचं आहे. पाळी अनियमित होणं किंवा थांबणं, सतत थंडी वाजणं, वारंवार आजारी पडणं ही शरीराला ऊर्जा कमी पडत असल्याची लक्षणं असू शकतात. मग व्यायाम कमी करून डॉक्टरांकडेच जायला हवं.

झोपेबद्दल भीती होती, ती खरी ठरली नाही. संध्याकाळच्या हलक्या व्यायामाने झोप उलट गाढ लागते. मात्र जोराचा व्यायाम झोपायच्या तासाभर आधीपर्यंत लांबला, तर अंथरुणात पडून छाती धडधडत राहते. म्हणून उशीर झाला की मी फक्त चालते, धावत नाही.

भार मोजायला मी व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची साधी पद्धत वापरते, आणि घड्याळातल्या सगळ्या आलेखांपेक्षा तीच मला उपयोगी पडली. सत्र संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं, हे शून्य ते दहा यांत किती कठीण होतं? त्याला मिनिटांनी गुणायचं. सकाळची ४५ मिनिटं सातच्या जोराने म्हणजे ३१५, संध्याकाळची ३० मिनिटं तीनच्या जोराने म्हणजे ९०, दिवसाचे ४०५. आठवड्याची बेरीज अचानक उडी मारत नाही ना, एवढं पाहायचं. जोडीला सकाळी उठल्या उठल्या नाडी. ती नेहमीपेक्षा सलग दोन-तीन दिवस चढी राहिली, तर संध्याकाळचं सत्र रद्द. त्यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

हल्ली नॉर्वेच्या धावपटूंचं उदाहरण सगळे देतात. एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा वेगाची सत्रं, ही पद्धत मारियुस बाकेन या धावपटू-डॉक्टरने घडवली. टोकियोत १५०० मीटर आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५००० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारा याकोब इंगेब्रिग्त्सेन त्याच वळणावर तयार झाला. लोक त्यातलं ‘दोनदा’ एवढंच उचलतात. त्या पद्धतीचा गाभा म्हणजे सत्र चालू असताना रक्तातलं लॅक्टेट (जोर वाढला की रक्तात वाढणारा पदार्थ) मोजून वेग मुद्दाम रोखून धरणं. पळता येत असतं त्यापेक्षा ते सावकाश पळतात, म्हणून संध्याकाळी पुन्हा पळू शकतात. हे वाचल्यापासून माझ्या सकाळच्या सत्राचा रंगच बदलला. प्रत्येक सेटमध्ये दोन रेप्स शिल्लक ठेवून मी वजन खाली ठेवते. हात राखून केलेल्या सकाळीच संध्याकाळ चांगली जाते, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळही.

नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्याला मी हे लगेच सुचवणार नाही. आधी एकदाचा व्यायाम अंगवळणी पडू द्या, अंग आंबणं कमी होऊ द्या. झोप सहा तासांच्या खाली असेल तर सकाळचा गजर लवकर लावून व्यायाम करण्यापेक्षा तो वेळ झोपेला द्या. ज्यांचं एक सत्र तास-सव्वा तासावर गेलंय आणि शेवटचा भाग ओढत न्यावा लागतोय, त्यांनी आठवड्यातले फक्त दोन दिवस निवडून तेच सत्र दोन भागांत तोडून पाहावं. महिनाभर एकूण वेळ वाढवू नये, वजनंही वाढवू नयेत. संध्याकाळी बूट घालताना मनावर ओझं येत नसेल, तर तिसरा दिवस जोडायला हरकत नाही.