घरच्या मीडिया पीसीवर इक्वलायझर: काही महिन्यांच्या वापरानंतर

टीव्हीखाली छोटा विंडोज संगणक, त्यावर कोडी (सिनेमे-गाणी चालवणारा प्रोग्राम), त्याला यूएसबी डॅक (डिजिटल आवाजाचा ॲम्प्लिफायरला समजेल असा संकेत करणारं उपकरण), पुढे स्टिरिओ ॲम्प्लिफायर, दोन बुकशेल्फ स्पीकर आणि एक सबवूफर, अशी माझी मांडणी आहे. या मांडणीवर इक्वलायझर एपीओ हे आवाजातले निवडक सूर कमी-जास्त करणारं मोफत सॉफ्टवेअर बसवून आता बरेच महिने झाले. रोजच्या बातम्या, सिनेमे, मैफली, सगळं याच वाटेने ऐकलं जातं. निकाल आधीच सांगून टाकायला हरकत नाही: एकही उपकरण न बदलता घरच्या आवाजात इतका फरक पडलेला मी याआधी पाहिला नव्हता. आणि हा सगळा फरक खर्जातल्या दोन-चार ठरावीक जागी आवाज कमी केल्याने पडला.

इक्वलायझर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दहा उभ्या पट्ट्या येतात आणि हात आपोआप दोन्ही टोकांच्या पट्ट्या वर ढकलतो. घरच्या खोलीत या पट्ट्यांचा उपयोग कमीच होतो. ३१, ६२, १२५ हर्ट्झ अशा दुप्पट-दुप्पट अंतरावर त्या बसवलेल्या असतात आणि खोलीची अडचण त्या आकड्यांवर येईलच असं नाही. माझी खोली ४.२ मीटर लांब आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की ४१ हर्ट्झच्या आसपासचा आकडा येतो. हा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये आपटून स्वतःलाच बळ देतो. मोजमाप घेतलं तेव्हा आलेखात बरोबर तिथे ९ डेसिबलचा उंचवटा होता, म्हणजे शक्तीच्या हिशेबात आजूबाजूच्या जवळपास ८ पट. खोलीची रुंदी ३.१ मीटर, तिचा उंचवटा ५५ हर्ट्झपाशी. लांबीचाच दुसरा उंचवटा ८२ हर्ट्झपाशी. स्पीकर कितीही चांगला आणा, हे तीन उंचवटे खोलीचे आहेत, ते तिथेच राहणार. त्यांच्यासाठी पॅरामेट्रिक इक्वलायझर लागतो. त्यात कुठल्या कंपनसंख्येवर, किती डेसिबल आणि किती अरुंद पट्ट्यात काम करायचं, हे तिन्ही आपल्या हातात असतं.

पण त्याआधी एक काम आहे आणि सगळ्यात जास्त लोक तिथेच अडकतात. आवाज इक्वलायझरमधून जातोय का, हे पाहायचं. इक्वलायझर एपीओ विंडोजच्या ध्वनिव्यवस्थेत, सामाईक मिक्सरच्या वाटेवर बसतो. जो प्रोग्राम मिक्सरला वळसा घालून थेट उपकरणाचा ताबा घेतो, त्याच्या आवाजाला हा हात लावू शकत नाही. कोडीच्या सेटिंगमध्ये ध्वनीचं उपकरण निवडताना एकाच डॅकची दोन नावं दिसतात, एकाच्या पुढे डायरेक्टसाउंड आणि दुसऱ्याच्या पुढे वासापी. या विंडोजमध्ये आवाज पाठवायच्या दोन वाटा. वासापी निवडलं की कोडी एक्स्क्लुझिव्ह मोडमध्ये जातो, म्हणजे उपकरणाचा ताबा एकटाच घेतो, आणि इक्वलायझर बाजूला पडतो. अनेक ठिकाणी ‘शुद्ध आवाजासाठी वासापीच घ्या’ असा सल्ला दिलेला असतो. इक्वलायझर वापरायचा असेल तर डायरेक्टसाउंडच घ्यायचं. माझ्या कानाला तरी त्यामुळे काही गमावल्यासारखं वाटलेलं नाही; ९ डेसिबलचा उंचवटा घालवण्यापुढे तो मुद्दा फार किरकोळ आहे.

तीच गोष्ट पासथ्रूची. पासथ्रू चालू असेल तर डॉल्बी किंवा डीटीएस या पद्धतींनी बांधलेला सिनेमाचा आवाज न उलगडता, तसाच पुढच्या उपकरणाकडे जातो. गाठोडं उघडल्याशिवाय आतल्या आवाजात बदल करता येत नाही. पासथ्रू बंद केलं की कोडी तो स्वतः उलगडतो आणि मग इक्वलायझर काम करतो. ॲटमॉसची वर-खाली फिरणारी ध्वनिरचना मात्र यात हाती लागत नाही, फक्त मूळ चॅनल मिळतात. दोनच स्पीकर असणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. छतात स्पीकर बसवलेल्यांनी मात्र हा मार्ग धरण्याआधी विचार करावा.

वाट बरोबर आहे की नाही हे तपासायची सोपी युक्ती आहे. इक्वलायझरमधल्या प्रीअँपचा, म्हणजे आवाजाच्या एकूण पातळीचा, आकडा तात्पुरता उणे ३० डेसिबल करायचा. आवाज एकदम बारीक झाला तर इक्वलायझर वाटेवर आहे. काहीच बदललं नाही तर तो बसलेलाच नाही, मग फिल्टरचे, म्हणजे एकेका दुरुस्तीचे, आकडे कितीही घोळवा. कोडी, ब्राउझर आणि जे जे प्लेअर घरात वापरले जातात त्या प्रत्येकात ही चाचणी एकदा करावी. कारण एकात चालतं आणि दुसऱ्यात नाही, असं सर्रास होतं.

मोजमापासाठी रूम ईक्यू विझार्ड हा खोलीतला आवाज मोजणारा प्रोग्राम वापरला. हाही मोफत आहे. मायक्रोफोन मिनीडीएसपीचा यूमिक-१ घेतला, कारण त्याच्या प्रत्येक नगाची कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकची मोजण्यातली चूक भरून काढणारी) अनुक्रमांकावरून मिळते. मोबाइलचा माइक वापरायचा मोह होतो, पण तो बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि खर्जात त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आपल्याला तर नेमका खर्जच मोजायचा आहे. माइक डोकं जिथे असतं तिथे, कानाच्या उंचीवर. मग खालून वर चढत जाणारा सूर वाजतो आणि आलेख उमटतो. एका जागी थांबू नका. डोक्याच्या आजूबाजूला हातभर अंतरात चार-सहा ठिकाणी मोजा आणि सरासरी घ्या. एकाच बिंदूवर मोजलेला आलेख मान वळवली तरी बदलतो. डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळा मोजणंही तितकंच महत्त्वाचं. माझा डावा स्पीकर कोपऱ्याजवळ आहे, त्यामुळे १३० हर्ट्झच्या आसपास तो उजव्यापेक्षा जाड वाजायचा. दोन्ही एकत्र मोजले असते तर हे दिसलंच नसतं.

आलेख पाहिला की सगळं सपाट करून टाकावंसं वाटतं. तसं करू नये. साधारण ३०० हर्ट्झच्या वर खोलीचे परिणाम इतके दाट आणि जागेगणिक बदलणारे असतात की तिथला प्रत्येक खाचखळगा भरत बसलात तर आवाज निर्जीव होतो. मी त्या मर्यादेच्या वर फक्त एक रुंद, हलका फिल्टर ठेवला आहे, त्याबद्दल पुढे सांगते. आणि खर्जातले खड्डे भरायचे नाहीत. माझ्या आलेखात ७१ हर्ट्झपाशी खोल खड्डा आहे. तिथे भिंतीवरून परत आलेली लहर मूळ लहरीला खोडून काढते. तिथे ६ डेसिबल वाढवले तर परतीची लहरही ६ डेसिबलने वाढते, खड्डा जसाच्या तसा, आणि ॲम्प्लिफायरला मात्र चौपट शक्ती द्यावी लागते. त्यावर उपाय सोफा सरकवण्याचा. वीतभर पुढे घेतला आणि खड्डा बराच उथळ झाला. उरलेला तसाच सोडला आहे.

शेवटी ठरलेले आकडे असे. ४१ हर्ट्झला उणे ८ डेसिबल, क्यू ६ (क्यूचा आकडा जितका मोठा तितका पट्टा अरुंद). ५५ ला उणे ५, क्यू ५. ८२ ला उणे ४, क्यू ५. फक्त डाव्या चॅनलला १३० हर्ट्झवर उणे ३, क्यू २. आणि दोन्ही चॅनलना २,८०० हर्ट्झवर अधिक दीड डेसिबल, क्यू १. एक जागा दीड डेसिबलने वाढवली आहे म्हणून प्रीअँप उणे २, म्हणजे डिजिटल आवाजाची कमाल मर्यादा ओलांडून तो फाटत नाही. हे सगळं एका साध्या मजकूर फाइलमध्ये ओळीला एक फिल्टर असं लिहिलेलं असतं. फाइल सेव्ह केली की त्याच क्षणी आवाज बदलतो, गाणं थांबवावं लागत नाही. ही गोष्ट मला फार आवडली. ज्यांना मजकूर फाइल नको त्यांच्यासाठी पीस नावाचं वेगळं खिडकीवजा सॉफ्टवेअर याच्यावर बसतं. माझं फाइलवर भागतं. माझे आकडे उचलून तुमच्या फाइलमध्ये घालू नका, तुमच्या भिंती वेगळ्या आहेत.

आता ऐकण्याबद्दल. सगळ्यात आधी फरक जाणवला तो तबल्याच्या डग्ग्यात. डग्ग्यावर तळहात घासत नेला की घुमारा खालून वर सरकतो. पूर्वी या सरकण्यात मधलाच एक सूर अंगावर यायचा आणि त्याच्या आधीचे-नंतरचे पडद्याआड जायचे. तबलजी तसं वाजवत नव्हता, खोली तसं वाजवत होती. आता ती सरक सलग ऐकू येते, हात कुठे दाबला आणि कुठे सोडला ते कळतं. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचंही तेच: आधी नुसता गुंजारव होता, आता तार छेडल्याची सुरुवातही कानावर येते.

दुसरा फरक संवादांमध्ये, आणि घरातल्यांनी दाद दिली ती याला. खर्ज फुगलेला असला की तो वरचे बारीक आवाज झाकून टाकतो. शब्दांची ओळख पटवणारी व्यंजनं, त, क, श, साधारण २,००० हर्ट्झच्या वरच्या भागात असतात आणि तीच बुडतात. उंचवटे कापल्यावर ती आपोआप वर आली. २,८०० हर्ट्झवरचा तो दीड डेसिबल त्यांना आणखी थोडा हात देतो. त्याहून जास्त दिलं तर ‘स’ कानाला टोचायला लागतो. रिमोटवरचा आवाज आता आधीपेक्षा कमी ठेवला जातो आणि ‘काय म्हणाला तो?’ हा प्रश्न क्वचितच येतो.

संवाद पुटपुटल्यासारखे वाटण्याचं एक कारण मात्र इक्वलायझरच्या कक्षेबाहेरचं आहे, तेही सांगायला हवं. सिनेमाचा आवाज ५.१ चॅनलचा असतो आणि संवाद बहुतांशी मधल्या चॅनलमध्ये असतात. दोन स्पीकरवर ऐकताना कोडी सहा चॅनल दोनात मिसळतो आणि त्यात मधला चॅनल दबू शकतो. सिनेमा चालू असताना कोडीच्या ध्वनी सेटिंगमध्ये मधल्या चॅनलची पातळी वाढवायची सोय आहे. आधी ती वापरा. हे काम इक्वलायझरकडून करून घ्यायला गेलात तर संवादांसोबत भांडी, पाऊस आणि व्हायोलिनही वर येतील.

रात्रीसाठी वेगळी फाइल केली आहे. आवाज हळू असला की कानाला खर्ज आणखीच कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली याचे आलेख मांडले होते. म्हणून रात्रीच्या फाइलमध्ये ९० हर्ट्झच्या खाली ४ डेसिबलची हलकी उचल आणि प्रीअँप उणे ६. उंचवट्यांचे फिल्टर तेच राहतात, त्यामुळे खर्ज वाढला तरी घुमत नाही. कुजबुजीनंतर अचानक होणाऱ्या स्फोटावर मात्र इक्वलायझरचा काही इलाज चालत नाही. ते काम कंप्रेसरचं, म्हणजे मोठा आवाज दाबणाऱ्या वेगळ्या प्रक्रियेचं.

तक्रारी फार नाहीत, पण आहेत. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर किंवा ध्वनीचा ड्रायव्हर बदलल्यावर इक्वलायझर गुपचूप सुटून जातो. संदेश येत नाही, चूक दाखवली जात नाही. अचानक बातम्यांचा निवेदक पिंपातून बोलल्यासारखा वाटतो तेव्हाच कळतं. मग इक्वलायझरचा उपकरण निवडायचा प्रोग्राम उघडून डॅकवर पुन्हा खूण करायची आणि संगणक रीस्टार्ट करायचा. डॅकची वायर दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये गेली तरी विंडोज काही वेळा त्याला नवं उपकरण समजतं आणि पुन्हा तेच करावं लागतं. सॉफ्टवेअरने असं झाल्यावर निदान एक सूचना द्यायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. फिल्टरच्या फाइलची एक प्रत वेगळी ठेवा. ओठ आणि आवाज यांचा मेळ चुकेल अशी भीती होती, ती खोटी ठरली. या प्रकारच्या फिल्टरना लागणारा वेळ जाणवण्याइतका नसतो. कॉन्व्होल्यूशन नावाच्या वेगळ्या पद्धतीचे लांबलचक फिल्टर वापरले तर मात्र उशीर होऊ शकतो.

लिनक्सवाल्यांना हेच सगळं पाइपवायर या तिथल्या ध्वनिव्यवस्थेत करता येतं. फिल्टर-चेन नावाची सोय त्यात आहे आणि हेच आकडे तिथे चालतात. खिडकीतून करायचं असेल तर ईझीइफेक्ट्स आहे. पासथ्रूचा नियम तिथेही तसाच.

टीव्हीतली ॲप टीव्हीवरच चालवत असाल तर यातलं काहीही उपयोगाचं नाही, कारण तो आवाज संगणकातून जातच नाही. आणि ज्यांच्याकडे ऑडिसी किंवा डिराक (खोलीनुसार आवाज दुरुस्त करणाऱ्या सोयी) असलेला एव्ही रिसीव्हर आहे, त्यांनी संगणकावर वेगळा इक्वलायझर लावू नये. दोघेही त्याच उंचवट्यावर कात्री चालवतील आणि खर्ज पोकळ होईल. तरीही संगणकावरच करायचं ठरवलंत, तर रिसीव्हरमधलं करेक्शन बंद करा आणि मगच मोजायला घ्या.